ऱ्हस्व-दीर्घ स्वरशिक्षण, खेळांद्वारे

स्वरांच्या उच्चारकालातील भेद व त्यानुसार होणारे लेखन मुलांना क्रीडेच्या माध्यमातून शिकविण्याची पद्धती. ज्या स्वराच्या उच्चारास एक मात्रा लागते तो ऱ्हस्व व ज्यास दोन मात्रा लागतात तो दीर्घ होय. मराठीत अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व, तर आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे दीर्घ स्वर मानतात. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत हे तीन काल उकाराच्या वाढत्या उच्चारावरून सांगितले असून, परंपरेने त्याचा संबंध कोंबड्याच्या आरवण्याशी जोडला आहे. कोंबड्याची ही नक्कल लहान मुलांसाठी आजही उत्तम आरंभ ठरते.

मराठीतील अडचण : मन-मान, कळ-काळ, तर-तार या जोड्यांतील भेद मूल सहज ऐकते, कारण अ व आ यांत कालाबरोबरच ध्वनीचाही फरक असतो. इ-ई व उ-ऊ यांचे तसे नाही. बोलीत त्यांची लांबी मुख्यतः शब्दातील स्थानावरून ठरते. त्यामुळे ‘दिन’ (दिवस) व ‘दीन’ (गरीब) हे शब्द बहुधा सारखेच उच्चारले जातात. मराठी साहित्य महामंडळाच्या, शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या लेखननियमांत अकारान्त शब्दांतील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावेत, असे असले, तरी तत्सम शब्द त्यास अपवाद आहेत.

धाराशिव जिल्ह्यातील (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) स्थलनामांत हे सर्व प्रकार आढळतात. ‘भूम’ व ‘तुळजापूर’ यांत उपान्त्य उकार दीर्घ आहे. ‘वाशी’, ‘येडशी’ यांत अन्त्य ईकार दीर्घ आहे. ‘नळदुर्ग’मध्ये जोडाक्षरापूर्वीचा उकार ऱ्हस्व आहे. ‘धाराशिव’मधील ‘शिव’ मात्र तत्सम म्हणून ऱ्हस्व. जिल्ह्याचे नाव ‘धाराशीव’ असे लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ते ऐकले तसेच लिहीत असते. उमरगा तालुका कर्नाटकाला लागून असल्याने तेथील काही मुले घरी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये स्वरांच्या लांबीने अर्थ बदलतो, ए व ओ यांनाही ऱ्हस्व रूपे आहेत. अशा मुलांच्या कानाला हा भेद आधीच परिचित असतो.

खेळांचा क्रम : पहिल्या टप्प्यात कानाचे खेळ घ्यावेत. ऱ्हस्व स्वराला एक टाळी व दीर्घ स्वराला टाळी देऊन हात सावकाश पसरणे, किंवा अनुक्रमे एक व दोन चिंचोके मांडणे, हे प्रकार अ-आच्या जोड्यांनी सुरू करावेत. ‘मनाचे श्लोक’ ज्या भुजंगप्रयात वृत्तात आहेत, त्याच्या चरणात लघु-गुरू-गुरू हा गण चार वेळा येतो. म्हणून प्रत्येक चरणाला वीस चिंचोके लागतात. तथापि जोडाक्षरापूर्वीचा ऱ्हस्व स्वरही वृत्तात बहुधा गुरू ठरतो. त्यामुळे गुरू म्हणजे दीर्घ स्वर, असे शिकवू नये.

दुसऱ्या टप्प्यात स्थानाचे खेळ येतात. मुले अक्षरे होऊन ओळीत उभी राहतात. ‘तुळजापूर’मधील ‘पू’ झालेले मूल हात पसरते. शेवटी ‘त’ हा प्रत्यय येताच ते हात मिटते व शब्द ‘तुळजापुरात’ होतो. विहीर-विहिरीत, फूल-फुलात, गरीब-गरिबाला, सून-सुनेला हे शब्द याच रीतीने घेता येतात. दुसरी वेलांटी वा दुसरा उकार पहिला का झाला, हे मुलांना पाठांतराविना कळते.

तिसरा टप्पा डोळ्यांचा. दिन-दीन, सुत-सूत, शिर-शीर यांसारख्या जोड्या चित्रपत्त्यांनी जुळवाव्यात. येथे ‘नीट ऐक’ ही सूचना निरर्थक असते. शब्द पाहून व वापरून लक्षात ठेवावा लागतो.

मर्यादा : खेळात हारजीत मुख्य झाल्यास चुकण्याच्या भीतीने मूल गप्प राहते. चूक कानाची आहे, नियमाची आहे की स्मरणाची, हे ओळखून खेळ निवडल्यास मुलाच्या बोलीला कमीपणा न आणता प्रमाणलेखन शिकविता येते.