पिस्टन रिंगांचे वंगण : वऱ्हाडातील डिझेल इंजिनांच्या संदर्भात

अकोला व अमरावती जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. डिझेल इंजिनाच्या रिंगा लवकर झिजल्या की त्याचा दोष साहजिकच या उष्णतेस दिला जातो आणि उपाय म्हणून अधिक जाड ऑइल भरले जाते. झीज नेमकी कोठे होते हे पाहिल्यास मात्र हे निदान अपुरे ठरते.

दट्ट्या वेगाने सरकत असताना रिंगेची किंचित फुगीर कड व लायनर यांच्यामध्ये ऑइल पाचरीप्रमाणे ओढले जाते आणि त्यातून निर्माण होणाऱ्या दाबावर रिंग अक्षरशः तरंगते. या थराची जाडी अवघी काही मायक्रॉन असते. वेग, भार व ऑइलचा दाटपणा यांचा घर्षणाशी असलेला संबंध जर्मन अभियंता रिचर्ड श्ट्रिबेक यांनी १९०२ साली आलेखाने मांडला, तो येथे उपयोगी पडतो. मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात दट्ट्या सेकंदाला ५० वेळा क्षणभर थांबतो. वेग शून्य झाला की पाचर उरत नाही. वरच्या टोकाशी तर त्याच सुमारास इंधन पेटते, वायू रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला लायनरवर रेटतो आणि थर एका मायक्रॉनहूनही पातळ होतो. तेथे दाटपणापेक्षा ऑइलमधील जस्त-फॉस्फरसयुक्त पूरक द्रव्यांनी धातूवर धरलेले आवरण अधिक कामी येते. रिबोरिंगसाठी आलेल्या लायनरच्या वरच्या भागात नखाला पायरी लागते, ती याच कारणाने.

हा भाग ज्वलनामुळे एरवीही दीडशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात बाहेरची हवा दहा अंशांनी तापल्याने त्यात फारसा फरक पडत नाही; हवेने थंड होणारी इंजिने काहीशी अपवाद होत.

खरा शत्रू धूळ होय. सोयाबीन वा हरभऱ्याच्या मळणीत ट्रॅक्टर थ्रेशरच्या धुरळ्यात तासन्‌तास चालतो. काळ्या मातीचा बहुतांश भाग मऊ चिकणमाती असला तरी तीत मिसळलेला गारगोटीचा कण लायनरच्या ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतो. पाच-दहा मायक्रॉनचा असा कण त्या थरात मावत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग ओरखडतो. मग ऑइल वर चढून जळते, निळसर धूर दिसू लागतो आणि गॅरेजमध्ये 'इंजिन ऑइल खाते' असे म्हटले जाते.

म्हणून मळणीच्या हंगामात एअर क्लीनरच्या वाटीतील ऑइल रोज पाहणे, गाळ साचताच ते बदलणे आणि क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी कोठे चिरली आहे का हे तपासणे, याला ऑइलच्या जाडीपेक्षा अधिक महत्त्व आहे. जाड ऑइलचा एक तोटाही आहे : हिवाळ्यातील पहाटे थंड इंजिन सुरू करताना ते वरच्या रिंगेपर्यंत उशिरा पोहोचते.