तरतरी येते, नशा उतरत नाही

मद्यपानानंतर कडक चहा अथवा कॉफी घेतली की नशा उतरते व वाहन चालविण्यास हरकत राहत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. आता कॅफिनयुक्त ऊर्जापेये मद्यात मिसळूनही घेतली जातात. वाहनचालकाच्या दृष्टीने हा समज घातक आहे.

मद्य व कॅफिन यांचे शरीरातील कार्य भिन्न आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साचत जाते व त्यामुळे झोप येऊ लागते. कॅफिन या द्रव्याचा परिणाम रोखते, म्हणून तरतरी वाटते. मद्यार्कामुळे मात्र अंतराचा अंदाज चुकतो, ब्रेक दाबण्यास विलंब होतो आणि धोका पत्करण्याची वृत्ती बळावते. हे दोष कॅफिनने नाहीसे होत नाहीत.

रक्तातील मद्यार्काचा निचरा मुख्यत्वे यकृत करते. व्यक्तिपरत्वे फरक पडत असला, तरी सर्वसाधारणपणे १०० मिलिलिटर रक्तातील हे प्रमाण तासाला सुमारे १५ मिलिग्रॅमने घटते. कॉफीने वा थंड पाण्याच्या स्नानाने हा वेग वाढत नाही. रात्री १० वाजता मद्यपान थांबले व त्या वेळी हे प्रमाण ९० मिलिग्रॅम असले, तर ते ३० वर येण्यास रात्रीचे २ वाजतील.

मद्याने येणारी सुस्ती ही एक प्रकारे थांबण्याची सूचनाच असते. कॅफिन ती सूचना दडपून टाकते. आपण शुद्धीवर आहोत, असे वाटून मनुष्य आणखी पितो अथवा चालकाच्या जागेवर बसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफिन मिसळलेली मद्ये बनविणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला, त्यामागे हीच चिंता होती.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चालकाला किती तरतरी वाटते, हे कायदा पाहत नाही.

लग्नसराईत व जत्रेच्या दिवसांत ही माहिती ग्रामसभेत आणि शाळेत आवर्जून सांगितली जावी. मद्यपान केलेल्या चालकापुढे चहाचा पेला ठेवण्यापेक्षा त्याच्याकडून गाडीची किल्ली मागून घेणे, हेच त्याच्या व इतरांच्या हिताचे आहे.