चाल कोण ठरवतो?

ओपनिंग : बुद्धिबळाच्या डावाची सुरुवात. पांढऱ्याच्या पहिल्या चालीचे पर्याय २०, प्याद्यांचे १६, घोड्यांचे ४. काळ्याच्या उत्तरानंतर शक्य स्थिती ४००. रुळलेल्या वाटांचे संकेतांक ए०० ते ई९९. त्यांपैकी 'सिसिलियन' बचावाला बी२० ते बी९९.

इंजिन : बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर; पुढच्या चाली तपासून अंदाज देते. +१ म्हणजे पांढरा साधारण एका प्याद्याने वरचढ. १९९७मध्ये 'डीप ब्लू' संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला ३½–२½ हरवले. आजचे 'स्टॉकफिश' मोफत, मोबाइलवरही चालते.

टेबलबेस : मोजकी मोहरी उरलेल्या, पूर्ण सोडवलेल्या स्थितींचा साठा. इथे अंदाज नाही, निकाल.

- दोन्ही राजे धरून पटावर ७ मोहरी उरली, कॅसलिंगचा हक्क संपला, की अचूक चाल ठाऊक.
- सापडलेली एक मात ५४९ चालींची! (५० चालींचा बरोबरीचा नियम बाजूला ठेवून.)
- ३२ मोहऱ्यांची मूळ मांडणी अजून अनुत्तरित.