अकरा मिलिग्रॅमचा घोळ

अकरावीच्या रसायनशास्त्रात एक हमखास गणित असते. दोन वायूंच्या मिश्रणाची घनता दिली आहे, तर कोणता वायू किती? मुले सूत्रात आकडे घालून ते उरकतात. हेच गणित एकदा खऱ्याखुऱ्या हवेने घातले, तेव्हा त्याच्या मागे लागलेल्या दोघांना १९०४ सालची नोबेल पारितोषिके मिळाली. एकाला भौतिकशास्त्राचे, दुसऱ्याला रसायनशास्त्राचे.

पहिले लॉर्ड रॅले. हवेतला ऑक्सिजन काढून उरलेला नायट्रोजन त्यांच्या काचेच्या गोळ्यात २.३१० ग्रॅम भरे; संयुगांपासून बनवलेला नायट्रोजन मात्र २.२९९ ग्रॅमच. फरक ११ मिलिग्रॅमचा, जेमतेम अर्धा टक्का! दुसऱ्या कोणी तराजूला दोष देऊन विषय मिटवला असता. रॅले यांनी वायू बनवण्याच्या पद्धती पुन्हा पुन्हा बदलल्या, १८९२ मध्ये 'नेचर'ला पत्र लिहून रसायनतज्ज्ञांनाही विचारले. फरक काही हटेना.

आता वही काढा. तापमान, दाब आणि आकारमान सारखे असेल तर रेणूंची संख्याही सारखी, हा ॲव्होगॅड्रोचा नियम. म्हणजे वजनांचे गुणोत्तर तेच सरासरी रेणुवस्तुमानांचे. शुद्ध नायट्रोजनचे २८.०१, त्याला २.३१० ने गुणून २.२९९ ने भागले की हवेतल्या नायट्रोजनचे २८.१४ येते. त्यात एखादा जड वायू मिसळलेला असणार. त्याचा वाटा क्ष आणि रेणुवस्तुमान म धरले, तर २८.०१ (१ − क्ष) + म × क्ष = २८.१४.

इथे गाडी अडते. समीकरण एक, अज्ञात दोन. म ४० असेल तर क्ष सुमारे १.१ टक्के, ६० असेल तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. नुसते वजन करून याचा निकाल लागणार नाही. तो वायू वेगळाच काढायला हवा. ते केले दुसऱ्या मानकऱ्याने: विल्यम रॅम्झी यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून नायट्रोजन फिरवत ठेवला. नायट्रोजन धातूने शोषला आणि उरला हायड्रोजनच्या सुमारे वीसपट घनतेचा, कशाशीच संयोग न करणारा वायू. हायड्रोजनचे रेणुवस्तुमान २, म्हणून याचे ४०. १८९४ मध्ये आर्गॉन जाहीर झाला. आजच्या मोजणीनुसार तो त्या नायट्रोजनमध्ये १.१८ टक्के असतो. वहीतले उत्तर फार लांब नव्हते!

हळहळ वाटते ती हेन्री कॅव्हेंडिशबद्दल. १७८५ मध्येच त्यांनी विजेच्या ठिणग्यांनी नायट्रोजन संपवत आणला होता आणि जेमतेम एकशेविसावा भाग उरतो, अशी नोंदही केली होती. पण त्या बुडबुड्याकडे शंभर वर्षे कोणी वळून पाहिले नाही.

विद्यार्थी फसतात ते मात्र वेगळ्याच जागी. कोरड्या हवेत आर्गॉन आकारमानाने ०.९३ टक्के, पण वजनाने सुमारे १.३ टक्के आहे, कारण त्याचे कण जड. घनतेवरून काढलेला वाटा रेणूंच्या संख्येचा असतो, वजनाचा नव्हे. तेव्हा परीक्षेत पर्यायावर खूण करण्याआधी प्रश्नात कोणते टक्के मागितले आहेत ते पुन्हा एकदा वाचा.