कोळंबीचं सव्वा महिन्याचं बाळंतपण

घरी किंवा मित्राकडे खाऱ्या पाण्याचा टँक असेल आणि त्यात लाल पट्ट्यांच्या पेपरमिंट श्रिम्पची जोडी असेल, तर एक गोष्ट ऐकून ठेवा. त्या टँकमध्ये दर दोन-तीन आठवड्यांनी काहीशे पिल्लं जन्माला येतात. लाइट बंद झाल्यावर येतात आणि सकाळी तुम्ही डोळे चोळत खायला टाकायला येता तोवर संपलेली असतात. काही माशांच्या पोटात जातात, उरलेली फिल्टरमध्ये. तुम्हाला पत्ताच नसतो.

ती वाचवायची असतील तर काय लागतं? पैसे त्यामानाने कमी लागतात. लागते ती रोज, न चुकता, एक-दीड महिना हजेरी. कॉलेजच्या पंचाहत्तर टक्क्यांवर इथे भागत नाही.

काहींच्या हॉस्टेलच्या टेबलावर चेरी श्रिम्पचा छोटा टँक असेल. ‘आमच्याकडे तर आपोआप वाढतात’ असं ते म्हणतील. बरोबर आहे. ती गोड्या पाण्यातली कोळंबी. तिची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तीच आईची मिनी कॉपी असतात. समुद्रातल्या बहुतेक कोळंब्यांचं तसं नाही. त्यांच्या अंड्यातून निघते ती अळी, शास्त्रीय नाव झोइया. काचेसारखी पारदर्शक, डोळे मात्र ठळक. ती तळावर चालत नाही, पाण्यात तरंगत राहते. समुद्रात प्रवाह तिला दूर नेतो, वाटेत ती पुन्हा पुन्हा कात टाकते आणि मग कुठेतरी खडकावर उतरून खरी कोळंबी होते. हा सगळा प्रवास तुम्हाला एका बरणीत घडवायचा असतो.

सुरुवातीला नर-मादी शोधत बसू नका. पेपरमिंट श्रिम्प आधी नर असते आणि मोठी झाली की एकाच वेळी नरही असते आणि मादीही. त्यामुळे कुठल्याही दोन मोठ्या कोळंब्या चालतात, फक्त दोन हव्यात. एकटीला जमत नाही. कात टाकल्यानंतरच्या काही तासांत मीलन होतं आणि पोटाखाली हिरवट अंड्यांचा पुंजका दिसू लागतो. पाण्याच्या तापमानानुसार दहा ते चौदा दिवस जातात. अंडी पारदर्शक होऊन त्यांत डोळ्यांचे बारीक ठिपके दिसले, की त्या रात्री सिनेमाचा प्लॅन करू नका.

संध्याकाळीच पंप आणि फिल्टर बंद करा. खोलीत पूर्ण अंधार करा आणि तासाभराने टँकच्या एका कोपऱ्याला मोबाइलचा टॉर्च लावा. या अळ्या उजेडाकडे धावतात. पाहता पाहता त्या कोपऱ्यात धुळीसारखा ढग जमतो. जाळी वापरू नका, पाय तुटतात. सलाइनच्या नळीसारख्या बारीक नळीने किंवा मगने पाण्यासकट उचला. काम झालं की पंप पुन्हा चालू करायला विसरू नका, नाहीतर पिल्लं वाचतील आणि मासे जातील.

बरणी शक्यतो गोल तळाची हवी. चौकोनी भांड्यात अळ्या कोपऱ्यात साचतात आणि एकमेकींत गुंततात. प्लवक वाढवणारे संशोधक क्राइझेल नावाची गोल टाकी वापरतात. तिच्यात पाणी हळूहळू गोल फिरत राहतं आणि जीव अधांतरी तरंगतात. घरी पाण्याचा गोल जार कापूनही काम भागतं. हवा सोडायची ती एअर स्टोनशिवाय, नुसत्या नळीने. मोठे, सावकाश, मोजता येतील असे बुडबुडे हवेत, कारण बारीक बुडबुडे अळ्यांना चिकटतात आणि त्यांना वर घेऊन जातात. पाणी आईच्याच टँकमधलं, क्षारता साधारण ३५, तापमान २६-२७ अंश. पुण्यातल्या डिसेंबरात हीटर लागेल, नागपूरच्या मे महिन्यात पंखा. आणि चौपाटीवरून बाटली भरून पाणी आणायचा विचार मनात आला असेल, तर तो तिथेच सोडा.

आता जेवण. पहिल्या दिवसापासून आर्टेमियाची ताजी पिल्लं. आर्टेमियाची सुकी अंडी मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. लिटरभर खाऱ्या पाण्यात चिमूटभर अंडी टाका, खालून जोरात हवा सोडा, वर दिवा लावा. साधारण चोवीस तासांत नारिंगी पिल्लं निघतात. टरफलं वर तरंगतात, पिल्लं उजेडाकडे जातात, ती वेगळी गाळून धुऊन द्यायची. इथे एक मेख आहे. या पिल्लांच्या अंगात आपल्या वाटणीचा बलक असतो, पण तो दिवसभरात संपत येतो. शिळी पिल्लं म्हणजे नुसती साल. म्हणून दोन बाटल्या आळीपाळीने लावा. घरात इडलीचं पीठ जसं एक संपायच्या आत दुसरं भिजत पडतं, तसं. पुढे अळ्या मोठ्या झाल्या, की आर्टेमियाला हिरवं सूक्ष्म शेवाळ खाऊ घालून मग तो यांना द्यायचा.

अन्न कमी पडलं तर अळ्या एकमेकींना खातात. जास्त पडलं तर ते तळाशी कुजतं आणि अमोनिया वाढतो. या दोन्हींच्या मधली बारीक वाट रोज शोधावी लागते. रोज तळ नळीने ओढायचा, थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच, त्याच तापमानाचं, हळूहळू घालायचं. वीस मिनिटांचं काम आहे, पण व्हायव्हाच्या दिवशीही करावं लागतं.

एक गोष्ट पुस्तकात क्वचित असते, आपल्या खोल्यांत मात्र नेहमी असते: डासांचं लिक्विड. त्यातली कीटकनाशकं कीटकांइतकीच कवचधारी जीवांनाही मारतात आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो. टँकच्या खोलीत कॉइल, लिक्विड, स्प्रे काहीही नको. रूममेटला विश्वासात घ्या, मच्छरदाणी आणा. माशांना दिलेलं तांब्याचं औषधही कोळंबीला विष. आणि वीज जाणाऱ्या गावात राहत असाल तर बॅटरीवरचा एअर पंप आधी, बाकी खरेदी नंतर.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अळ्या ओळखू येत नाहीत. शेवटच्या पायांची जोडी अंगापेक्षा लांब होते, टोकाला वल्ह्यासारखी चपटी. ती वल्ही मागे ओढत त्या तरंगतात. माझ्या मते टँकमधलं सर्वांत देखणं दृश्य तेच. मरतातही याच काळात. अन्न निकृष्ट असेल तर आणखी एक विचित्र प्रकार होतो: अळी कात टाकत राहते, पण पुढच्या अवस्थेत जात नाही. वर्षानुवर्षं एटीकेटी असलेल्या सीनियरसारखी. सगळं नीट जमलं तर महिना-सव्वा महिना, नाहीतर दोन महिनेही लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? दुकानातले खाऱ्या पाण्यातले बहुतेक जीव आजही प्रवाळबेटांवरूनच पकडून येतात. पाठीवर पांढरा पट्टा असलेली लोकप्रिय क्लीनर श्रिम्प घ्या. समुद्रात ती माशांच्या अंगावरचे परजीवी वेचते, मासे तिच्याकडे रांग लावतात. तिच्या अळ्यांना मोठं व्हायला पाच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून ती पाळून वाढवण्यापेक्षा पकडून आणणंच स्वस्त पडतं. उलट बाजूची उदाहरणंही आहेत. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने शोभेच्या कोळंब्यांची पैदास करून ती पिल्लं वाढवण्यासाठी तिथल्या महिलांना दिली. आपल्याकडे ऐरोलीत क्लाऊनफिशची हॅचरी आहे. झूलॉजी, फिशरीज शिकत असाल तर या जागा लक्षात ठेवा. आणि टँकसाठी जिवंत प्रवाळ विकत घेऊ नका. खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहेत.

तर एखाद्या सकाळी बरणीच्या काचेला एक काडी चिकटलेली दिसेल. जवळून पाहिलं तर काही मिलिमीटरची, जवळजवळ पारदर्शक, पण पूर्ण कोळंबी. आता ती तरंगत नाही, चालते. तिला लगेच वेगळ्या भांड्यात हलवा, लपायला दगड-जाळीचा तुकडा द्या. मागे उरलेल्यांना अजून वेळ लागेल, त्यांचं आर्टेमिया चालूच ठेवा. शेकड्यांतून दहा-बारा हाती लागल्या तरी पहिल्या खेपेला नाराज व्हायचं कारण नाही. मोठ्या झाल्या, की टँकमध्ये एप्टेशिया नावाच्या डंख मारणाऱ्या फुलांचा सुळसुळाट झालेले मित्र त्या मागायला येतील, कारण पेपरमिंट ती खाते. जास्त झाल्या म्हणून समुद्रात मात्र सोडू नका. या नावाखाली दिसायला सारख्या अनेक जाती विकल्या जातात आणि त्यांतल्या काही मूळच्या अटलांटिकच्या आहेत.