चार तळहातांवर धावणारी गाडी

जोरकस इंजिनाची नवी गाडी घरी आली की पहिली हौस चाकांची असते. टर्बो इंजिनाची, शून्यापासून शंभरपर्यंत नऊ-दहा सेकंदांत पोहोचणारी सेडान. मालक तिशीतला, नोकरी पुण्यात, सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी नाहीतर महाबळेश्वर. मित्र सांगतात, सोळा इंची रिम कसली ठेवलीस, अठरा इंची अलॉय टाक, स्प्रिंग बदलून गाडी दोन इंच लोअर कर. दुकानात सगळे तयारच असते. लाखभर रुपये खर्च होतात आणि गाडी फोटोत झकास दिसते.

मग जून येतो. पहिल्या सरींत रस्त्यावरची धूळ, सांडलेले तेल आणि रबराचा भुगा पाण्यात कालवला जाऊन निसरडा थर तयार होतो. शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात पहिला पाऊस झाल्याचे खिडकीबाहेर न बघताही कळते. अशा रस्त्यावर इंजिनाच्या अश्वशक्तीला फारसा अर्थ उरत नाही. गाडी थांबणार की नाही, वळणार की नाही, हे चार टायर ठरवतात, आणि त्या टायरना रस्त्याला धरून ठेवणारे सस्पेन्शन ठरवते. वेगवान गाडीसाठी या दोन गोष्टी कशा निवडायच्या, हा प्रश्न म्हणूनच हौसेइतकाच हाडांचा, मणक्यांचा आणि मेंदूचाही आहे.

भाजलेला रुग्ण आला की शरीराचा किती भाग भाजला आहे हे पटकन ठरवण्यासाठी डॉक्टर एक युक्ती वापरतात. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, म्हणजे त्याच्या त्वचेचा सुमारे एक टक्का. प्रौढ माणसात हे क्षेत्रफळ दीडशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. गाडीचा हिशेबही तिथेच येऊन थांबतो. माणसांसह गाडी १,४०० किलोची धरली तर एका चाकावर ३५० किलो भार. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. भागाकार केला की उत्तर येते १५५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग एका तळहाताएवढा. शंभरच्या वेगाने धावणारे अख्खे कुटुंब असे चार तळहात रस्त्याला धरून असतात.

रुंद टायर लावला की जास्त रबर टेकते, हा समज याच हिशेबात अडखळतो. वजन तेच, हवा तीच, तर टेकणारे क्षेत्रफळही जवळपास तेवढेच राहते. बदलतो तो ठशाचा आकार. तो रुंदीला वाढतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या रस्त्यावर वळण घेताना त्याचा फायदा होतो, हे मान्यच. पण साचलेल्या पाण्यावर तोच रुंद ठसा लवकर तरंगतो.

हवा भरलेला टायर प्रचारात आणला तो एका पशुवैद्याने. जॉन बॉयड डनलॉप हे मूळचे स्कॉटलंडचे, व्यवसाय बेलफास्टमध्ये. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार दणके देते म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकांवर बसवली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. रॉबर्ट थॉमसन यांनी चाळीसेक वर्षे आधी हीच कल्पना नोंदवली होती, पण ती विस्मरणात गेली होती. पुढचा भाग अधिक बोलका आहे. १८८९ मध्ये बेलफास्टच्याच मैदानावर विली ह्यूम हा सायकलपटू हे मऊ टायर लावून शर्यतीत उतरला आणि जिंकत गेला. मुलाच्या सुखासाठी केलेली सोय वेगाचीही ठरली. दणका शोषणारे चाक जमिनीला धरून राहते. दणका न शोषणारे चाक उडते, आणि उडालेल्या चाकाला पकड नसते. कडक म्हणजे वेगवान असे मानणाऱ्या आजच्या मंडळींनी ही जुनी शर्यत आठवायला हरकत नाही.

टायर निवडताना पहिला प्रश्न रबराचा. रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत दाबले जाते, सुटते आणि या दाबण्या-सुटण्यात ऊर्जा गिळते. पकडीचा मोठा वाटा त्यातून येतो. मऊ रबर जास्त धरते आणि लवकर झिजते. काही टायरांच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ असा शब्द आणि पुढे आकडा असतो. आकडा मोठा तर टायर जास्त टिकणार, असा त्याचा ढोबळ अर्थ. ८० हजार किलोमीटर चालणारा टायर हवा आणि पकडही शर्यतीच्या गाडीसारखी हवी, हे दोन्ही एका रबरात मिळत नाही. दुसऱ्या टोकाला शर्यतीच्या मैदानासाठीचे, जवळपास खाचा नसलेले टायर आहेत. कोरड्या आणि तापलेल्या रस्त्यावर ते विलक्षण धरतात. कोकणातल्या पावसात त्यांच्यावर भरवसा ठेवणे म्हणजे पॉलिश केलेल्या फरशीवर ओल्या पायांनी धावणे. रोजच्या वापराच्या वेगवान गाडीला खोल, रुंद खाचांचा, ओल्या रस्त्यावर ब्रेकिंग चांगले असलेला टायर घ्यावा, मग तो दिसायला थोडा साधा असला तरी चालेल.

खाचा कशासाठी असतात? पाणी बाहेर ढकलण्यासाठी. पाणी वेळेत बाहेर गेले नाही तर टायर पाण्याच्या पातळ पत्र्यावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलके लागते. विमानाच्या टायरवर प्रयोग करून नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात यासाठी ढोबळ सूत्र दिले. त्यानुसार खाचा निकामी झालेल्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर तो ताशी साधारण ९४ किलोमीटरला पाण्यावर तरंगू लागतो. हवा २४ पीएसआयवर उतरलेली असेल तर ८२ च्या आसपासच. मोटारीच्या टायरला आपल्या नियमांत किमान १.६ मिलिमीटर खोली सांगितली आहे. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे टायरच्या पृष्ठभागाला येऊन भिडले की ती मर्यादा गाठली गेली. पावसाळा तोंडावर असेल तर ३ मिलिमीटरलाच टायर बदललेला बरा.

यामागचे गणित क्रूर आहे. ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.७ आणि गोटा झालेल्या टायरचा ०.४ धरला, तर शंभरच्या वेगावरून पहिली गाडी ब्रेक लागल्यापासून ५६ मीटरमध्ये थांबते. दुसरीला ९८ मीटर लागतात. पहिली जिथे पूर्ण थांबली त्या जागी दुसरी अजून ताशी ६५ किलोमीटरने धावत असते. तिथे रस्ता ओलांडणारे कोणी असेल तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, मोटारीच्या दर्शनी भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ किलोमीटरला जाताना साडेचार पटींनी वाढतो. दोन टायरांमधला चार-पाच हजारांचा फरक या आकड्याशेजारी ठेवून बघावा.

टायरच्या बाजूवरचा मजकूर औषधाच्या वेष्टनासारखा वाचता आला पाहिजे. ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ असे लिहिलेले असेल तर रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. भार आणि वेग यांची ही पातळी कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा खाली कधीच जाऊ नये. दुसरीकडे चार आकडे असतात: ‘२३२४’ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबरालाही वय असते आणि उन्हात ते लवकर म्हातारे होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि खाचा कितीही शाबूत असल्या तरी दहा वर्षे ही कमाल मर्यादा समजावी. भरघोस सवलतीत मिळणाऱ्या टायरवर हे चार आकडे आधी बघावेत.

आता ती अठरा इंची अलॉय. २०५/५५ आर १६ ऐवजी २२५/४० आर १८ बसवला तर चाकाचा एकूण व्यास जेमतेम पाच मिलिमीटरने वाढतो, म्हणून तो ‘बसतो’. पण बाजूची भिंत ११३ वरून ९० मिलिमीटरवर येते. पावसाळ्यातल्या खड्ड्यात रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये हीच भिंत चिरडते, आतले धागे तुटतात आणि टायरवर फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही. शिवाय मोठे चाक बहुधा जड असते, आणि जड चाक खड्ड्यातून वर उसळले की पुन्हा रस्त्यावर टेकायला जास्त वेळ घेते. गुळगुळीत रस्त्यांच्या देशात अठरा इंच शोभतील. इथे सतरा ही समजूतदार वरची मर्यादा आहे, आणि सोळावर उत्तम टायर हा त्याहून चांगला सौदा.

सस्पेन्शनबाबत गैरसमज आणखी दाट आहेत. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि दणका साठवते. शॉकअप तो साठवलेला दणका तेलातून जिरवतो. शॉकअप थकला की गाडी एका गतिरोधकानंतर दोन-तीनदा डुलते, मागे बसलेल्या मुलांना गाडी लागते आणि ब्रेक मारताना चाके रस्त्यावर नाचतात. साध्या मोटारीची स्प्रिंग सेकंदाला एक ते दीड वेळा हलेल अशा बेताची असते. माणसाच्या चालण्याची लय याच्या आसपासची, म्हणून ती शरीराला परकी वाटत नाही. बसलेल्या माणसाचा कणा मात्र सेकंदाला चार ते आठ कंपनांना सर्वांत जास्त हादरतो. त्या पट्ट्यात कंपने विरण्याऐवजी कण्यात वाढतात. भौतिकशास्त्राचा नियम असा की स्प्रिंग आपल्या लयीच्या सुमारे १.४ पटींपुढची कंपनेच अडवू शकते. लय दीडची असेल तर दोनच्या वरचे बरेचसे अडते. ती कडक करून अडीच-तीनवर नेली की अडवणे सुरू होते साडेतीन-चारला, म्हणजे कण्याच्या नाजूक पट्ट्याच्या अगदी उंबरठ्यावर. त्यात गाडी दोन इंच खाली आणलेली असेल तर स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही. ती रबरी ठोकळ्यावर आपटते आणि धक्का सरळ आसनात येतो.

दीर्घकाळ कंपने सोसणाऱ्या व्यावसायिक चालकांत कंबरदुखी जास्त आढळते, हे जुनेच निरीक्षण आहे. गतिरोधकावर उसळलेल्या बसच्या मागच्या बाकावरील प्रवाशांच्या मणक्यांचे अस्थिभंग झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तिशीतला मालक दोन तासांचा दणका सहज पचवतो. त्याच्या मागे बसलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या आईला तो पचेलच असे नाही.

मग वेगवान गाडीला काय करावे? आधी शॉकअप. मूळ स्प्रिंग ठेवून चांगल्या दर्जाचे, किंचित घट्ट शॉकअप बसवले की गाडीचे डुलणे थांबते, चाक रस्ता सोडत नाही आणि आरामही फारसा हरवत नाही. स्प्रिंग बदलायचीच असेल तर त्याच गाडीसाठी शॉकअपसोबत जुळवलेला संच घ्यावा. नुसती कडक स्प्रिंग आणि जुना शॉकअप ही जोडी सर्वांत वाईट. स्प्रिंगचा एखादा वेढा कापून गाडी खाली आणणारे गॅरेजवाले अजूनही आहेत; त्यांना हात जोडून निघावे. वळणावर गाडी कलते ही तक्रार असेल तर थोडा जाड अँटी-रोल बार पुरतो. तो मुख्यतः कलण्याला विरोध करतो, दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली तर मध्ये येत नाही. रबरी बुश तडकले असतील तर ते बदलणे हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम. काहीही बदलले की अलाइनमेंट हवेच, नाहीतर लोअर केलेली गाडी टायर आतून खाते आणि बाहेरून बघणाऱ्याला ते कळतही नाही.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला. कंपनीने आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेला टायरचा आकार निवडणे हा त्यातला सुरक्षित मार्ग. तो आकार गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो.

चारही टायर एकदम घेणे परवडत नसेल आणि दोनच घ्यायचे असतील, तर नवे टायर मागे लावावेत, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात असली तरीही. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाच्या हातात काही राहत नाही. हवा गाडी थंड असताना, दर पंधरवड्याला आणि लांबच्या प्रवासाआधी तपासावी. समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या मर्यादेने तासन् तास धावताना कमी हवेचा टायर वाकून वाकून तापतो आणि फुटतो. नायट्रोजनचे पैसे मोजण्यापूर्वी साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो हे आठवावे.

आणि डिकीतल्या स्टेपनीवरचे चार आकडेही त्याच वेळी वाचून घ्यावेत. बहुतेक गाड्यांत ती गाडीइतकीच जुनी असते, तिच्यात पुरेशी हवा नसते, आणि अठरा इंची चाके बसवल्यानंतरही ती सोळाचीच राहिलेली असते.