अंगावर काढलेलं दुखणं

जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले आणि बुलडाणा जिल्हा देशभर बातम्यांत आला. सुरुवातीला बुरशीच्या संसर्गाचा संशय होता. पाण्याचे, त्वचेचे नमुने तपासायला गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. टक्कल लपत नाही, म्हणून यंत्रणा धावली. बुरशीचा दुसरा एक संसर्ग मात्र घाटावर आणि घाटाखाली बायका निमूटपणे अंगावर काढतात. त्याची तक्रारच होत नाही, मग पथक कुठून येणार?

हा संसर्ग कँडिडा नावाच्या यीस्टचा. तोंडात, आतड्यात, योनिमार्गात ही बुरशी निरोगी माणसालाही थोडीफार असतेच. प्रतिजैविकांचा कोर्स झाला, दिवस गेले, रक्तातली साखर वाढली किंवा स्टेरॉइड सुरू झालं, की तिचं फावतं. चारांपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. खाज सहन होत नाही, लघवीला आग होते, संबंधाच्या वेळी दुखतं आणि फाटलेल्या दुधासारखं घट्ट पांढरं जातं. वास बहुधा नसतो. कुबट वास असेल किंवा हिरवट, फेसाळ जात असेल, तर दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पातळ पांढरं जाणं हा तर आजारच नव्हे. हे कुणी न सांगितल्यामुळे कितीतरी मुली उगाच धास्तावतात.

निदान सोपं आहे. स्रावाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. बाकीच्या पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कँडिडाच्या कळ्या फुटलेल्या गोल पेशी, लांब धागे उरतात. साधा त्रास असेल तर क्लोट्रिमॅझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा १५० मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोलची एक गोळी पुरते. गरोदरपणात मात्र पोटातून गोळी नको. योनीत ठेवायचं औषध सात दिवस, तेही डॉक्टरांना विचारूनच. वर्षात तीन-चार वेळा त्रास उलटला तर आधी साखर तपासावी. मधुमेहावरच्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. त्यानेही हा संसर्ग होतो, पुरुषांनासुद्धा.

या औषधांच्या इतिहासात महाराष्ट्राचंही नाव आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी शोधलेलं हॅमायसिन कँडिडावर वापरलं गेलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं, त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे.

औषध आहे, तपासणी स्वस्त आहे, मग अडतं कुठे? उत्तर गडचिरोलीतून मिळालं. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. निष्कर्ष १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, सरासरी प्रत्येकीला तीनपेक्षा जास्त. त्याआधी अंतर्गत तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. जगभर या आकड्यांची दखल घेतली गेली. मला त्यातला ८चा आकडा जास्त अस्वस्थ करतो.

तपासणीच्या जागी काय होतं, ते बीडमध्ये दिसलं. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये चव्हाट्यावर आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जातं, पोट दुखतं एवढ्या तक्रारीवर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढल्याचं बायका सांगत होत्या. गोळ्यांनी बरं होऊ शकणाऱ्या दुखण्यासाठी अवयव गमावणं हा सरळसरळ अन्याय आहे.

दुसरी वाट मेडिकलवरून जाते. नवरा किंवा मुलगा ‘खाजेचं मलम’ आणतो, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि बुरशी वाढतच राहते. त्यावर संशयाचा घोर वेगळाच. कँडिडाचा संसर्ग गुप्तरोगांत धरत नाहीत, तरी बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं जातं. सगळा दोष बायकांच्या माथी मारण्याच्या या सवयीवर ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. त्या याच बुलडाण्याच्या.

सरकारी दवाखान्यांत या तक्रारीसाठी हिरवं किट मोफत असतं. त्यात फ्लुकोनॅझोल असतं, शिवाय इतर संसर्गांवरचं सेक्निडॅझोलही. पण हे किट लक्षणांवरून दिलं जातं. काचपट्टी पाहिली जात नसेल, तर उलटून येणारा त्रास त्याने सुटत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सूक्ष्मदर्शक, तो वापरणारा तंत्रज्ञ आणि आडोशाची खोली हवी, ही मागणी ग्रामसभेतूनच उठायला हवी. आणि बायांनो, कापूस वेचणीचा हंगाम संपेपर्यंत थांबू नका. आशाताईला सांगा, तपासून घ्या. पिशवी काढायला कुणी सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.